रोज पोहतो, सायकल चालवतो, तरी डेक्सात हाडं विरळ! हाडांना हवं असतं तरी काय?

नदीकाठचा
मंडळी, वय ५३. सांगलीला कृष्णेत पोहत मोठा झालो, आता पुण्यात आहे पण पोहणं सुटलेलं नाही, रोज सकाळी तलाव आणि सुट्टीच्या दिवशी सायकलवर खडकवासला नाहीतर पानशेत. सिगारेट नाही, वजन आटोक्यात, जिने चढताना ऑफिसातल्या पोरांना मागे टाकतो. यंदा हेल्थ चेकअपच्या पॅकेजात डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) होता म्हणून सहज करून घेतला, तर कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (तरुण निरोगी माणसाच्या हाडांशी तुलनेचा आकडा) उणे १.९ आणि खुब्याचा उणे १.४. म्हणजे ऑस्टिओपेनिया, हाडं विरळ व्हायला लागलेली. आणि माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी, वजन ९५ च्या पुढे, पहिल्या मजल्यालाही लिफ्ट लागते, त्याचा रिपोर्ट एकदम नॉर्मल!!

माझं म्हणणं सरळ आहे. व्यायामाने हाडं मजबूत होतात हे शाळेपासून ऐकतोय, ते एकतर खोटं आहे नाहीतर अर्धवट सांगितलेलं आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा. 'डॉक्टरांना विचारा' हे कृपया कुणी लिहू नका, त्यांना विचारून झालंय, ते म्हणाले "व्यायाम करा".

तीळगूळ
आधी आहारात काय आहे ते लिहा. दूध, नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला? कॅल्शियमच नसेल तर पोहून काय होणार.

लेगडे बुडव्या
शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार सांगा.

फिजिओ_सोलापूरकर
नदीकाठचे दादा, अर्धवट सांगितलेलं आहे हेच खरं. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला 'व्यायाम' हा शब्द एकाच पिशवीत हवा असतो, पण हृदयाला लागणारा व्यायाम वेगळा आणि हाडाला लागणारा वेगळा. पाण्यात तुमचं बहुतेक वजन पाणीच उचलतं. सायकलवर वजन सीटवर जातं आणि पाय नुसते गोल फिरतात, जमिनीचा दणका कुठेच नाही. पोहणाऱ्यांची हाडांची घनता तपासली की ती साधारण व्यायाम न करणाऱ्यांच्याच आसपास निघते, आणि रस्त्यावर सायकल रेस करणाऱ्यांच्या मणक्यांची तर बरेचदा त्याहून कमी निघते. खेळाडू असून! उलट व्हॉलीबॉल, जिम्नॅस्टिक्स, वेटलिफ्टिंगवाल्यांची हाडं दणकट.

सहकाऱ्याचं कोडं पण तेच आहे. तो दिवसातून जी काही चार पावलं टाकत असेल ती ९५ किलोसकट टाकतो. (पण म्हणून कोणी वजन वाढवायला घेऊ नका, तेवढ्या वजनानिशी पडला की कसा पडतो ते मी रोज बघते.)

नदीकाठचा
ताई, पटतंय पण पूर्ण नाही. पोहताना खांद्याचे पाठीचे स्नायू काय कमी जोर लावतात का, आणि स्नायू शेवटी हाडालाच चिकटलेले ना? मग हाडाला ताण बसायलाच पाहिजे की.

फिजिओ_सोलापूरकर
बसतो, आणि हाडावर येणारा मोठा लोड वजनापेक्षा स्नायूंच्याच ओढीतून येतो हे अगदी बरोबर. बर्लिनला काही पेशंटना कृत्रिम खुबा बसवताना आतच सेन्सर ठेवले होते. साधं चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट लोड दिसला, आणि एक पेशंट अडखळून सावरला तेव्हा आठपटीच्या वर गेला, तो सगळा स्नायूंनी झटक्यात आवळल्यामुळे. पण पाणी हे वाट देणारं माध्यम आहे, तुम्ही जोर लावला की ते सरकतं, त्यामुळे जोर हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. हाडाला चढ किती झपकन आला त्याला भाव आहे. घाम किती गाळला याला शून्य.

झुरिककर
धागा अगदी माझ्या गल्लीतला आहे म्हणून लिहितो. मी पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि कामाला झुरिकमध्ये, आणि या विषयातला सगळ्यात गाजलेला किस्सा इथलाच.

१८६६ च्या सुमाराची गोष्ट. हेर्मान फॉन मायर नावाचे शरीररचनेचे प्राध्यापक मांडीच्या हाडाचं वरचं टोक उभं कापून आतली जाळी लोकांना दाखवत होते. हाडाचं ते टोक भरीव नसतं, आत बारीक बारीक पट्ट्यांची जाळी असते, आणि ती जाळी कशीही विस्कटलेली नसून तिच्यात कमानी कमानी दिसतात, एक कमान खुब्याच्या गोळ्यातून खाली आतल्या बाजूला उतरते आणि दुसरी बाहेरच्या बाजूने वळून तिला छेदते. तिथे कार्ल कुलमान नावाचे इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते, आज ज्याला ईटीएच म्हणतात त्या पॉलिटेक्निकमधले. पूल आणि क्रेन यांच्यावरचा ताण कागदावर रेषा काढून शोधायच्या पद्धतीचे ते बादशहा. त्यांनी ती जाळी बघितली आणि त्यांना आपल्या क्रेनमधल्या रेषा दिसल्या! वाकड्या मानेच्या क्रेनला वजन टांगलं की आत दाब कुठून जातो आणि ओढ कुठून जाते याच्या रेषा काढल्या, तर त्या हाडातल्या कमानींशी जवळपास जुळल्या. मायरनी १८६७ मध्ये ते छापलं, बर्लिनच्या युलिउस वोल्फनी तेच सूत्र पकडून वर्षानुवर्षं काम केलं आणि १८९२ मध्ये पुस्तकच काढलं, की हाडावरचा भार बदलला की आतली रचना बदलते आणि मागोमाग बाहेरचा आकारही. यालाच वोल्फचा नियम म्हणतात.

आम्ही बीम डिझाइन करतो तेव्हा लोड आधी ठरवतो आणि मग सळई टाकतो, आणि एकदा स्लॅब ओतला की विषय संपला. इथे स्लॅब रोज स्वतःला फोडून परत ओततोय, लोड बघून. मला तरी हे वाचल्यापासून आमचं काम जरा फिकंच वाटायला लागलंय.

निवांत बुवा
क्रेनवाला किस्सा जबरदस्त. वाचनखूण साठवली.

हाडवैद्य
(नावावर जाऊ नका, रीतसर ऑर्थोपेडिक सर्जन आहे.) झुरिककरांचा किस्सा खराच आहे, पण त्याला थोडा चाप लावतो. कुलमानची क्रेन भरीव, एकजिनसी मालाची होती आणि हाड जाळीदार आहे, तेव्हा गणिताने ते तंतोतंत जुळणं शक्य नव्हतं. वोल्फ मात्र त्याला गणिती नियम समजत होते, जाळीच्या पट्ट्या एकमेकींना काटकोनातच छेदतात असं त्यांचं ठाम मत, आणि प्रत्यक्षात तसं सगळीकडे नसतं. हाडातल्या पेशीच ताण ओळखून तिथल्या तिथे निर्णय घेत असाव्यात हा विचार खरं तर विल्हेल्म रू यांनी १८८१ मध्ये मांडला होता. नाव मात्र वोल्फचं झालं. चालायचंच.

आणि हा नुसता इतिहास नाही. आपल्याकडे डेक्सा मशीन गावोगाव नव्हती तेव्हा साध्या एक्स-रेवर हीच जाळी वाचायचो. १९७० मध्ये डॉ. सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुब्याच्या एक्स-रेवरून ६ ते १ अशी पायरी लावून दिली, सिंग इंडेक्स म्हणून जगभर शिकवतात. म्हातारपणी हाड विरळ होताना कुठली पट्टी आधी जाते? ज्यांच्यावर कमी भार त्या. दाब झेलणारी मुख्य कमान सगळ्यात शेवटपर्यंत टिकते. कपात करताना पण हाड हिशेबाने करतं. वाचणाऱ्याच्या नजरेवर बरंच अवलंबून असल्यामुळे आता निदानाला तो पुरेसा धरत नाहीत, पण एक्स-रे लाइटबॉक्सवर लावून कमानी मोजायला मला अजून आवडतं.

नदीकाठचे साहेब, एक मात्र सांगतो. ५३ च्या पुरुषात उणे १.९ दिसलं की पोहण्यावर खापर फोडण्याआधी ड जीवनसत्त्व, थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन, पूर्वी स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या का, हे सगळं बघून घ्या. तुमच्या डॉक्टरांनी "व्यायाम करा" एवढ्यावर सोडलं असेल तर दुसरे डॉक्टर करा.

तीळगूळ
बघा, ड जीवनसत्त्व! मी पहिल्या प्रतिसादात आहाराचंच म्हणत होते, पण इथे सगळे क्रेनवर चढून बसलेत.

खटपट्या
तीळगूळताई, नाचणी म्हणजे सिमेंट-वाळू. ती लागतेच, पण साइटवर नुसते ट्रक रिकामे करून भिंत उभी राहत नाही, कुठे बांधायचं ते कुणीतरी सांगायला लागतं. अंतराळवीरांना काय नाचणी कमी पडते का? मोजूनमापून आहार, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, सगळं असतं, तरी खुब्याची घनता महिन्याला १ ते १.५ टक्का उतरायची, जेवढी इथे म्हाताऱ्या माणसाची वर्षाला उतरते. म्हणून तर स्पेस स्टेशनवर निर्वात सिलिंडरवाली वजनं ओढायची मशीन बसवली, तिच्यावर २७० किलोपर्यंत जोर लावता येतो, आणि ट्रेडमिलवर पट्ट्यांनी बांधून पळवतात. सुनीता विल्यम्सने २००७ मध्ये वरती बसून, म्हणजे पळून, बोस्टन मॅरेथॉन केली होती ती त्याच ट्रेडमिलवर.

मोरपंखी छत्री
एक बाळबोध शंका. लोड नसला की हाड विरघळतं तर मग कवटीचं काय? माझ्या डोक्यावर तर कॉलेज सुटल्यापासून काहीच लोड नाही.

लेगडे बुडव्या
आतूनही नाही का? (हलके घ्या)

हाडवैद्य
शंका बाळबोध अजिबात नाही, 'भार म्हणजेच सगळं' म्हणणाऱ्यांना हीच विचारायची असते. सगळ्या हाडांचा उंबरठा एक नसतो. कवटी मेंदूला संरक्षण म्हणून आहे, अगदी थोड्या ताणावर टिकून राहायची तिची मूळ बांधणीच आहे, ती गर्भातच ठरते. माणसांना काही महिने सलग अंथरुणावर झोपवून ठेवायचे प्रयोग झालेत, त्यात टाचेचं, खुब्याचं, मणक्याचं खनिज घटलं आणि कवटीचं उलट किंचित वाढलं. तेव्हा आराखडा आनुवंशिक, आणि त्यावरची डागडुजी भारानुसार. मांडीचं हाड मांडीच्या हाडासारखं दिसतं ते चालल्यामुळे नाही. पण त्याची भिंत किती जाड आणि जाळी किती दाट हे मात्र बऱ्यापैकी तुमच्या हातात. म्हणजे पायात.

दंतकथा
मी दातांची डॉक्टर. लोडवर हाड कसं वागतं हे बघायला अंतराळात कशाला जायचं, शेजारच्या दहावीतल्या मुलीच्या तोंडात तारा असतील बघा. तारेने दात ढकलला की ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड पेशी खातात आणि मागे जिथे ओढ पडते तिथे नवं भरतात, म्हणून दात हाडातून चालत जातो. आणि उलटं बघायचं तर दात काढल्यावर ती जागा बघा. चावण्याचा भार गेला की जबड्याची ती कड वर्षभरातच झिजायला लागते. कवळी लावणाऱ्या आजोबांची कवळी दर काही वर्षांनी सैल होते आणि ते आमच्यावर चिडतात, पण कवळी तीच असते हो, खालचा जबडा बारीक झालेला असतो.

उत्खननी
मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी होते तेव्हा डेक्कन कॉलेजात इनामगावच्या सांगाड्यांबद्दल शिकवलं होतं. शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी, साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती, १९६८ पासून पुढे पंधराएक वर्षं तिथे खोदकाम चाललं. आम्हाला हाडाच्या आडव्या कापात भिंत कुठे जाड झालीय ते बघायला शिकवायचे, कारण माणूस काय काम करत होता त्याची नोंद तिथे राहते. आणि घोट्याजवळ नडगीच्या हाडाच्या पुढच्या कडेला एक छोटी घासलेली जागा असते, उकिडवं बसण्याची खूण म्हणून ती नोंदवतात, भारतीय सांगाड्यांत भरपूर सापडते. (ती सगळी बसण्यामुळेच येते असं मात्र छातीठोक म्हणता येत नाही, जन्माआधीच्या अर्भकांतही दिसलेली आहे.) अवांतर, इनामगावला मोठ्या माणसांना पुरताना पाय घोट्याखाली तोडायचे. का, यावर आमच्या कँटीनमध्ये अख्ख्या दुपारी गेल्या आहेत.

पण या धाग्यासाठी खरी भारी गोष्ट २०१७ ची आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी मध्य युरोपातल्या जुन्या शेतकरी बायकांच्या दंडाची हाडं स्कॅन केली आणि विद्यापीठाच्या बोट क्लबमधल्या रोइंग करणाऱ्या मुलींशी ताडून बघितली, ज्या मुली आठवड्याला १०० किलोमीटरच्या वर वल्हवतात. नवाश्मयुगीन बायकांचे दंड त्यांच्यापेक्षा ११ ते १६ टक्के जास्त मजबूत निघाले! पाय मात्र साधारण सारखेच. संशोधकांचा अंदाज, दगडावर धान्य रगडणं, नांगरट, रोजची कामं. तोपर्यंत बायकांची हाडं पुरुषांच्या हाडांशी ताडायचे आणि 'फार काही कष्ट करत नसाव्यात' असं म्हणून मोकळे व्हायचे.

आडगावची आजी
वल्हवणाऱ्या मुलींपेक्षा मजबूत, ऐकून बरं वाटलं. माझ्या सासूबाई पहाटे उठून जात्यावर दळायच्या, विहिरीवरून डोक्यावर हंडे आणायच्या, दंड असे की बांगडी वर सरकायची नाही. पण बाळांनो त्याच सासूबाई सत्तरीत न्हाणीघरात घसरल्या, खुबा मोडला आणि त्या दुखण्यातून उठल्याच नाहीत. तेव्हा कष्ट केले की हाडं चांगली हे मला कोणी सांगू नये. कष्टच कष्ट केले होते त्यांनी.

निवांत बुवा
आजी +१. जुनं ते सोनं वाल्यांनी हे वाचावं.

हाडवैद्य
आजी, तुमचा मुद्दा सगळ्या चर्चेला जमिनीवर आणणारा आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन आटतं आणि पहिल्या काही वर्षांत हाड झपाट्याने उतरतं, तोच भार असला तरी हाडाचा प्रतिसाद मंद होतो. त्यात त्या पिढीच्या बाळंतपणांची संख्या, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवण. कच्चा मालच नसेल तर भार हाडाला बांधत नाही, नुसता थकवतो. (तीळगूळताई, हे तुमच्या खात्यात जमा.) शिवाय जातं दंड घडवतं, त्याचा खुब्याला उपयोग नाही. हाड जिथे भार तिथेच वाढतं. टेनिसपटूंच्या दोन दंडांचे एक्स-रे १९७७ मध्ये शेजारी शेजारी लावून मोजले होते, खेळणाऱ्या हाताच्या हाडाची भिंत पुरुषांत ३५ टक्के आणि बायकांत २८ टक्के जाड. माणूस तोच, जेवण तेच, हार्मोन तेच, आणि दोन हातांत एवढा फरक.

फिजिओ_सोलापूरकर
टेनिसवरून आठवलं, फिनलंडमध्ये टेनिस-स्क्वॉश खेळणाऱ्या बायकांचं बघितलं तर ज्यांनी पाळी यायच्या आधी किंवा त्या सुमारास खेळायला सुरुवात केली त्यांना मोठेपणी सुरू करणाऱ्यांच्या दुप्पट ते चौपट फायदा झालेला. मोठेपणीच्या हाडातलं जवळपास चौथा हिस्सा खनिज वयात येतानाच्या दोन वर्षांत भरतं. आणि आपण नेमक्या त्याच वयात मुलीला ग्राउंडवरून काढून क्लासला बसवतो. सातवी-आठवीतल्या मुलींच्या आयांनी हे वाचलं तरी धागा सार्थकी लागला.

मोरपंखी छत्री
पण हाडाला कळतं कसं? त्यात नसा-बिसा असतात का मेंदूला सांगायला?

खटपट्या
हा माझा आवडता भाग. मेंदूला विचारायला जावंच लागत नाही. हाडात पेशी गाडलेल्या असतात, ऑस्टिओसाइट, हाडातल्या ९० टक्क्यांच्या वर पेशी याच. त्यांना बारीक बारीक हात असतात आणि ते एकमेकींना सूक्ष्म नळ्यांतून धरून असतात. हाड वाकलं की नळ्यांमधलं पाणी सरकतं आणि ते सरकणं पेशीला कळतं. वाकतं म्हणजे किती, तर हजार मायक्रोस्ट्रेन म्हणजे लांबीत ०.१ टक्का फरक, जोरात पळताना उड्या मारताना नडगीत दोन-तीन हजारापर्यंत जातो. अमेरिकेतल्या हॅरोल्ड फ्रॉस्ट यांनी याचा थर्मोस्टॅटसारखा मेकॅनोस्टॅट मांडला, ताण एका पट्ट्याखाली राहिला की हाड कमी करा, पट्ट्यात राहिला की जैसे थे, वर गेला की भर घाला.

या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन सोडत असतात, ते हाड बांधणाऱ्या पेशींना ब्रेक लावतं. भार पडला की स्क्लेरोस्टिन कमी, ब्रेक ढिला. दक्षिण आफ्रिकेतल्या काही कुटुंबांत हे प्रथिन जन्मतःच बनत नाही, त्यांची हाडं प्रचंड दाट होतात, त्रास होण्याइतकी. त्यावरूनच औषध निघालं, रोमोसोझुमॅब, २०१९ पासून वापरात आहे. महाग आहे आणि हृदयविकार-पक्षाघाताचा इशारा आहे, तेव्हा केमिस्टकडे मागायला जाऊ नका.

आता नदीकाठच्यांच्या कामाचं. १९८४ मध्ये रुबिन आणि लॅन्यन यांनी पक्ष्याच्या पंखातलं हाड बाकीच्या शरीरापासून सुटं करून त्यावर यंत्राने मोजून भार दिला. भार अजिबात नाही तर हाड घटलं. दिवसाला फक्त ४ वेळा दिला तर टिकलं. ३६ वेळा दिला तर वाढलं. आणि १८०० वेळा दिला तर? ३६ इतकंच वाढलं!! नुसता एकसारखा दाबून ठेवला तर काहीच नाही, जणू भार दिलाच नाही. दारावरची बेल पहिल्या दोनदा वाजली की आपण उठतो, पण पोरगं बोट ठेवूनच उभं राहिलं की घरातलं कोणी हलत नाही, तसं आहे हे. पुढे हेही दिसलं की तेवढाच भार मध्ये विश्रांती देऊन वाटून दिला तर हाड जास्त बनतं.

नदीकाठचा
म्हणजे मी एका तासात जे शेकडो हात मारतो ते सगळे 'बोट ठेवून उभं राहणं'??

खटपट्या
आणि तेही मऊ बोट :)

धावरा
मग धावणं बेस्ट ना? मी तेच म्हणतोय कधीपासून.

फिजिओ_सोलापूरकर
धावणं पोहण्यापेक्षा हाडांना बरं, पण धावराशेठ दर वर्षी मुंबई मॅरेथॉनच्या आधी दोन महिने आमच्याकडे नडगी दुखणाऱ्यांची रांग लागते. हाड दुरुस्त करताना आधी जुनं खातं, त्याला साधारण तीन आठवडे, आणि मग नवं भरतं, त्याला तीन-चार महिने. मधल्या काळात तिथे तात्पुरता खड्डा असतो, आणि नेमकं त्याच वेळी तुम्ही किलोमीटर वाढवत असता. नव्या सैनिकांच्या पायाची हाडं कवायतीत अशी तडकतात हे प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने १८५५ मध्येच लिहून ठेवलंय, एक्स-रे निघायच्या चाळीस वर्षं आधी.

आणि साधं चालणं, मला माहितेय आता विचारणारच कोणीतरी. तब्येतीला उत्तम, पण जो आयुष्यभर चालतोच आहे त्याच्या हाडाला चालणं ही बातमी नाही. खुब्याला थोडा फायदा दिसतो, मणक्याला जवळपास नाही.

योगायोग
तुम्ही लोक उगाच उड्या मारायला लावताय. सूर्यनमस्कार आणि पश्चिमोत्तानासन रोज करा, पाठीचा कणा आयुष्यभर धड राहतो. आमच्या वर्गात पंचाहत्तरीचे आजोबा कपाळ गुडघ्याला टेकवतात.

फिजिओ_सोलापूरकर
आजोबांची हाडं चांगली असतील तर आनंद आहे. पण ज्यांचा मणका आधीच ठिसूळ आहे त्यांना पुढे कंबरेतून वाकायची आसनं देऊ नका, हात जोडून सांगते. वाकल्यावर मणक्याच्या पुढच्या कडेवर सगळा दाब येतो. मेयो क्लिनिकने १९८४ मध्ये ५९ बायकांचा अभ्यास छापलाय, सगळ्यांना मणक्याचा ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, पुढे वाकायचे व्यायाम करणाऱ्यांत ८९ टक्क्यांना नवे फ्रॅक्चर आणि मागे ताणायचे व्यायाम करणाऱ्यांत १६ टक्क्यांना. अभ्यास छोटा आहे, मान्य, पण फरक केवढा! भुजंगासन, शलभासन करा ना, कोण नाही म्हणतंय.

योगायोग
परदेशी अभ्यासावर आपण किती दिवस जगणार.

लेगडे बुडव्या
पॉपकॉर्न.

नदीकाठचा
योगावर वेगळा धागा काढा राव. माझा मूळ प्रश्न तसाच आहे, मी आता नक्की करू काय? पोहणं सोडणार नाही हे आधीच सांगतो.

उत्खननी
सोडू नकाच. पण मला एक सुचतंय, हसू नका. लंगडी! इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाने हाच प्रयोग केलाय, ६५ ते ८० वयाच्या पुरुषांना वर्षभर रोज एकाच पायावर ५० उड्या मारायला सांगितल्या, दुसरा पाय तुलनेसाठी मोकळा. उड्या मारणाऱ्या पायाच्या खुब्यात हाड वाढलेलं दिसलं, तेही जिथे म्हातारपणी भिंत पातळ होते त्या भागात. त्याआधी तरुण बायकांवर केला तेव्हाही खुब्याला फायदा दिसला होता. आता विचार करा, थोड्या उड्या, एकदम दणका, मध्ये थांबणं, दिशा बदलणं, आणि ते नेमकं दहा-बारा वर्षांच्या पोरींना खेळायला लावणारा खेळ आपल्याकडे आधीपासून होता. मंगळागौरीत पण काय करतो, फुगडी, झिम्मा, उड्याच उड्या.

आडगावची आजी
आमच्या मंगळागौरीत आता ढोलकीवाला ग्रुप बोलावतात आणि बाकीच्या बायका खुर्चीत बसून व्हिडिओ काढतात.

हाडवैद्य
लंगडीला माझी हरकत नाही पण वय, गुडघे आणि तोल बघून. लफबरोमध्ये पण आधी तपासून घेतलं, हळूहळू वाढवलं. पडलात तर खुबा आजच मोडेल, घनता वाढायला वर्ष लागणार आहे.

नदीकाठचे, तुमच्यासाठी मी वजनं सुचवेन. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाचा २०१८ चा अभ्यास आहे, पाळी गेलेल्या, हाडं विरळ असलेल्या शंभरएक बायका, सरासरी वय ६५. आठवड्यातून फक्त दोनदा, अर्धाच तास, पण वजन खरोखर जड, जेमतेम पाच वेळा उचलता येईल असं. डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर बार, आणि लटकून खाली धप्पकन उतरणं. आठ महिन्यांनी मणक्याची घनता २.९ टक्के वर, आणि घरी हलके व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के खाली. इजा एकच, ती पण किरकोळ. मात्र प्रत्येक सेशनला प्रशिक्षक शेजारी उभा होता आणि पहिला महिना नुसती पद्धत शिकण्यात गेला, हे वाक्य सोडून बाकीचं वाचू नका. आम्ही लोक वर्षानुवर्षं पेशंटना "जड उचलू नका" सांगत आलो, आता काय उचलायचं आणि कसं ते सांगायला लागणार आहे.

लेगडे बुडव्या
म्हणजे लेग डे बुडवायचा नाही? आयडी बदलावा लागणार.

नदीकाठचा
धन्यवाद मंडळी. ड जीवनसत्त्व आणि टेस्टोस्टेरॉन उद्याच देऊन येतो, आणि सोसायटीच्या खालच्या जिममध्ये एक प्रशिक्षक मुलगी आहे तिला विचारतो. अजून एक, डेक्सा परत कधी करू? तीन महिन्यांनी करून बघू का?

हाडवैद्य
तीन महिन्यांत पैसे जातील, बाकी काही दिसणार नाही. वर वाचलंत ना, एक खड्डा भरायलाच तीन-चार महिने. वर्ष-दीड वर्षाने करा आणि त्याच मशीनवर करा, मशीन बदललं की आकडे जुळत नाहीत. दोन-तीन टक्क्यांच्या आतला फरक मशीनचाही असू शकतो, तेवढ्यावर पेढे वाटू नका आणि रडूही नका.

माहेरवाशीण
मी पहिल्यांदाच लिहितेय. सासऱ्यांच्या मांडीत बरीच वर्षं स्टीलची प्लेट आहे, कोणी म्हणतं प्लेट भार खाते म्हणून तिच्याखालचं हाड विरळ होतं आणि ती काढून टाका, कोणी म्हणतं हात लावू नका. या चर्चेवरून तर काढावी असंच वाटतंय?

हाडवैद्य
प्लेट भार वाटून घेते आणि खालचं हाड विरळ होऊ शकतं हे खरं. पण काढल्यावर स्क्रूची भोकं राहतात, ती भरेपर्यंत तिथेच मोडायचा धोका असतो, तेव्हा त्रास नसेल तर वयस्क माणसात आम्ही सहसा छेडत नाही. वय, प्लेट कुठे आहे, दुखतं का हे सगळं लिहून वेगळा धागा काढा, इथे लंगडीत हरवेल.